कोठारातली साक्ष

आमच्या नगरला प्रीतिभोजनाच्या दिवशी सकाळी कोणी नाश्ता करत नाही. उपासना संपली की चर्चच्या आवारात पंगती बसतात. मटणाचा रस्सा असतो, पुऱ्या असतात, भात असतो, आणि वाढणारा ओळखीचा निघाला तर नळीही ताटात पडते. म्हणून इंग्लंडातल्या डोंगरात, एका शेतावर मला प्रीतिभोजनाचं आमंत्रण आलं, तेव्हा मी शहाणपणाने सकाळी नुसता चहा घेतला. दुपारी अडीचला माझ्या हातावर केकचा एक तुकडा पडला, काडेपेटीएवढा. त्यामागून पाण्याचा मग आला. मी लेकीच्या कानाशी लागून विचारलं, "जेवण कधी आहे गं?"

"आई, हेच जेवण," ती म्हणाली.

त्या दिवशी मला जे धक्के बसले त्यातला हा सगळ्यात लहान. बाकीचे क्रमाने सांगते. मी नगरच्या न्यायालयात बत्तीस वर्षं लघुलेखिका होते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलायचा आणि मी ते उतरवून घ्यायचे. तो रडला तरी माझी पेन्सिल थांबायची नाही. त्यामुळे पदरचं घालून सांगायची सवय मला नाही. यात लेकीचं जे खाजगी आहे ते तिला आधी फोनवर वाचून दाखवलं आहे. तिने हो म्हटल्यावरच पुढे लिहिलं.

कॉव्हेंट्री

स्नेहा माझी एकुलती एक. बारा वर्षं झाली, ती कॉव्हेंट्रीला असते. तिथल्या एका हॉस्पिटलात ती स्कॅन काढायचं काम करते. जावई कंपनीच्या कामाने तेव्हा बाहेरगावी होते, म्हणून घरात आम्ही तिघीच: मी, स्नेहा आणि नात टिया. टिया दहा वर्षांची आहे. मराठी बोलते, पण तिच्या मराठीत कोण पुरुष आणि कोण स्त्री याचा काही नेम नसतो. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "आजी, तुझा पिशवी किती जड आहे." मला इतकं हसू आलं की मी ते सुधारलंसुद्धा नाही.

पिशवी जड होती कारण तिच्यात चिवडा होता. स्नेहाच्या खात्यातल्या चौघींसाठी मी चार पुड्या नावं घालून आणल्या होत्या. खात्यात स्नेहा सोडून पाचजणी होत्या. पाचवीच्या नावाची पुडी मी मुद्दाम केली नव्हती. पाचवी म्हणजे हेलन, स्नेहाची वरिष्ठ. त्या बाईबद्दल माझ्या मनात काय होतं ते सांगायचं तर दोन वर्षं मागे जावं लागेल.

दोन वर्षांपूर्वी, थंडीत, आमच्या ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. सोमवारी हॉस्पिटलात नेलं. बुधवारी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि मी स्नेहाला फोन केला, लगेच निघ. ती म्हणाली, आई, रजेचं बघते. त्यानंतर तिचा फोन आला तो थेट गुरुवारी रात्री. रडत होती. हेलनने रजा दिली नाही म्हणाली, माणसं कमी आहेत. शुक्रवारी सकाळी दहाला हे गेले. स्नेहा आली ती प्रार्थनासभेला, बाराव्या दिवशी.

नगरला प्रत्येकाने विचारलं, लेक का नाही आली. प्रत्येकाला मी सांगितलं, तिच्या वरिष्ठ बाईने सोडलं नाही हो. चर्चच्या पाळकांना सांगितलं, नणंदांना सांगितलं, दूधवाल्यालाही सांगितलं. शेवटी लोकांनी विचारायच्या आतच मी सांगायला लागले. त्या हेलनला एक पत्रही लिहिलं होतं, कायद्याच्या भाषेत, दोन पानी. टाकलं नाही एवढंच.

आता माझंही सांगून टाकते. बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या साक्षी लिहिल्या, खोट्या साक्षी ऐकू आल्या की कान ओळखायचे. आणि त्या पंधरवड्यात मी स्वतः दोन खोट्या साक्षी दिल्या. ह्यांची जीभ जड झाली होती, पण तीन शब्द स्पष्ट यायचे: "स्नेहा निघाली का?" दर थोड्या वेळाने तेच. मी म्हणायचे, निघेल. गुरुवारी संध्याकाळी भेटीची वेळ सुरू झाली, साडेसहाची घंटा वाजली, आणि त्यांनी पुन्हा विचारलं. तोवर तिचा काहीच निरोप नव्हता. मला ते डोळे बघवेनात. मी म्हटलं, "निघाली." त्यांनी डोळे मिटले. नंतर त्यांनी एकदाही विचारलं नाही.

ही पहिली. दुसरी स्नेहाला दिली. ती आल्यावर तिने विचारलं, पप्पांनी माझं नाव घेतलं होतं का? मी म्हटलं, नाही बाळ, ते शांत झोपून होते. त्या वाक्यावर ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. खरं तिला कधी कळू नये आणि आपल्या तोंडून तर नाहीच नाही, एवढीच माझी दोन वर्षांची धडपड होती.

तर अशा परिस्थितीत एका बुधवारी स्नेहा कामावरून आली आणि म्हणाली, "आई, वीकेंडला हेलनने आपल्या तिघींना इन्व्हाइट केलंय. तिच्या अंकलच्या फार्मवर. तिथे वर्षातून एकदा लव्हफीस्ट असतं. आपलं प्रीतिभोजनच समज."

मी मेथी निवडत होते. हातातली जुडी खाली ठेवली. "हेलन म्हणजे तीच?"

"तीच."

"आणि तुला जायचंय?"

"हो, आई. मला जायचंय. आणि प्लीज, तिच्यासमोर तोंड वाकडं करून बसू नकोस."

मला धक्का बसला तो तिच्या आवाजाचा. विनवणी होती त्यात. वरिष्ठाची मर्जी राखायची म्हणून असेल, असा मी अर्थ काढला आणि मेथीची जुडी पुन्हा उचलली.

डोंगराकडे

हेलनच आम्हाला न्यायला आली. साठीची बाई, आखूड पांढरे केस, पायांत चिखलाचे बूट. गाडीतून उतरली, माझ्याकडे आली आणि म्हणाली, "शालिनी, भेटून बरं वाटलं." सरळ शालिनी. मला माझ्या सासूबाईंनीही कधी एकेरी नावाने हाक मारली नव्हती. मी हात पुढे केला नाही, नमस्कार केला. तिने पण तसाच हात जोडून नमस्कार केला. मग मीच मागच्या सीटवर जाऊन बसले.

मोटरवेचं काय सांगायचं, सगळे मोटरवे सारखेच. पण तो सोडून गाडी डर्बीशरच्या डोंगरात शिरली तेव्हा मी काच खाली केली. आपल्या डोंगरात झाड असतं, झुडूप असतं. हे डोंगर वरून खालपर्यंत नुसत्या गवताचे, आणि त्यांच्यावर काळ्या दगडांची कुंपणं, बिनचुन्याची, मैलोन् मैल. मधे मेंढ्या. "आजी, बघ, मेंढी पळाला," टिया म्हणाली. हेलन गाडी चालवता चालवता कुठली टेकडी कोणती ते सांगत होती. मी हूं की चूं केलं नाही. तिने मधेच गाडी थांबवून आमच्यासाठी चहा आणला, माझ्या चहात साखर दोन चमचे, म्हणजे तिने स्नेहाला विचारून ठेवलं होतं. चहा चांगला होता याचाही मला राग आला.

जॉर्जच्या स्वयंपाकघरात

शेताचा मालक जॉर्ज हा हेलनचा काका, ऐंशीच्या पुढचा, ताठ. त्याचं इंग्रजी मला काही केल्या कळेना. न्यायालयात मी इंग्रजी निकालपत्रं टाइप केली आहेत, पण हा माणूस निम्मे शब्द गिळत होता आणि उरलेले त्याच्या गावचे होते. शेवटी टियालाच दुभाषी केलं. रात्रीच्या जेवणाला उकडलेले बटाटे, मटार आणि मेंढीचं मटण होतं. मीठ टेबलावर होतं म्हणून जेवण घशाखाली उतरलं.

जेवणानंतर मी सहज विचारलं, जवळच्या गावात एवढं मोठं दगडी चर्च आहे, मग प्रीतिभोजन कोठारात का? जॉर्जने खुर्ची पुढे ओढली. या प्रश्नाची तो वाटच पाहत असावा.

"तो म्हणते," टियाने सुरू केलं, "की त्याच्या ग्रॅनच्या ग्रॅनच्या, म्हणजे खूप ग्रॅन, त्या टाइमला चर्चनी ह्यांना आत नाही घेतलं. मग ते फील्डमध्ये उभा राहून प्रेयर केला. आणि लोकांनी दगड मारली."

"कोणी? कुणाला?"

"इंग्लिश लोकांनी. इंग्लिश लोकांना."

मी टियाला म्हटलं, नीट विचार. जॉर्जने मग सावकाश सांगितलं आणि मलाही थोडं थोडं उमजायला लागलं. ते ऐकून मी खरोखर हादरले. आमचं घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. आमच्याकडे धर्म घेऊन आलेले साहेब अमेरिकेतले होते, पण त्यांच्या पंथाचं आजोळ इंग्लंडातच. लहानपणापासून माझी समजूत अशी की हा साहेबाचा धर्म, त्याच्या राज्यात त्याला कोण काय म्हणणार. आणि इथे हा म्हातारा सांगत होता, की त्याच्या पंथाच्या पहिल्या उपदेशकांना चर्चची दारं बंद झाली म्हणून ते खाणींच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. कोळशाचे मजूर ऐकायला यायचे, आणि रडले की काळ्या गालांवर पांढरे ओघळ उठायचे. गावचे बडे लोक दारू पाजून पोरं जमवायचे. ती डबे बडवत यायची, कुजकी अंडी मारायची, भरल्या सभेत बैल सोडायची. ऐकणारे कोण, तर विणकर, मोलकरणी, शेतमजूर. 'एन्थुझिअ‍ॅस्ट', म्हणजे धर्माने डोकं फिरलेले, ही त्यांना दिलेली शिवी होती. गेल्या महिन्यात स्नेहाच्या कामाच्या अहवालात हाच शब्द कौतुकाने लिहिलेला मी पाहिला होता.

माझे पणजोबा नेवाशाकडचे. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावाने त्यांच्या झोपडीवर दगड टाकले होते, आणि त्याआधी जन्माने महार म्हणून आडाला हात लावायची चोरी होतीच. घरात ही गोष्ट सांगताना आम्ही आवाज खाली करायचो. इथे एक गोरा शेतकरी त्याच्या खापरपणजीला पडलेला दगड आम्हाला हात करून दाखवत होता, कपाळावर, भुवईच्या वर. मी त्या म्हाताऱ्याकडे बघतच राहिले.

मग त्याने बायबलातून एक पाकीट काढलं. आत कागदाचे बारीक चौकोन, एसटीच्या जुन्या तिकिटाएवढे. प्रत्येकावर बायबलातलं एक वचन, साल, एक अक्षर आणि हाताने लिहिलेलं एक नाव: हॅना, त्याची खापरपणजी. त्या काळी दहा-बारा जणांचा एक वर्ग असायचा. दर आठवड्याला वर्गाचा पुढारी एकेकाला विचारायचा, तुझ्या जिवाचं कसं काय चाललंय? खरं सांगावं लागायचं, सगळ्यांसमोर. वागणूक बरी असेल तर तीन महिन्यांचं तिकीट. तिकीट असेल तरच प्रीतिभोजनाला प्रवेश.

"एका वर्षाची चारऐवजी तीनच आहेत," मी मोजून म्हटलं. कागदपत्रांत एखादं कमी असलं की माझ्या डोळ्यांना आधी तेच दिसतं.

जॉर्ज हसला. हॅनाचा नवरा दारू पिऊन पडला होता आणि हॅनाने वर्गात सांगितलं, तो आजारी आहे. खोटं उघडकीला आलं, तिकीट बंद.

"नवऱ्याची लाज राखायला बोलली ना ती?" मी टियाकडून विचारलं. "त्यासाठीसुद्धा?"

"त्यासाठीसुद्धा," जॉर्ज म्हणाला. हे मला टियाशिवाय कळलं.

स्नेहा उठून सिंकपाशी गेली आणि धुतलेल्याच बशा पुन्हा धुवायला लागली. मला वाटलं, हिला बाप आठवला. मला स्वतःला मात्र त्या पाकिटाकडे बघवेना. माझ्या हिशेबाने मला तर एकही तिकीट मिळालं नसतं.

रविवार

कोठार म्हणजे दगडी भिंती, कौलाला लाकडी वासे, एका बाजूला गवताच्या गंज्या. बाकं कमी पडली म्हणून लोक गंज्यांवर बसले होते. चाळीसेक माणसं असतील. कुत्रीही होती. पेटी नाही, तबला नाही, काही नाही. एका बाईने सूर धरला आणि बाकीच्यांनी उचलला, आणि बायकांच्या आवाजाखालून पुरुषांचे जाड आवाज असे आले की माझ्या अंगावर काटा उभा राहिला. अर्धी गाणी आमच्याच चालीची निघाली. मी मराठी शब्द म्हणत राहिले, कोणाला कळलंही नाही.

मग तो केक. आणि मग पाणी, दोन कानांच्या एका मोठ्या मगात. जॉर्जने एक घोट घेतला आणि शेजारणीला दिला, तिने तिच्या शेजाऱ्याला. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला प्रत्येकाला आपापला बारका ग्लास असतो. इथे चाळीस तोंडांचा एकच मग फिरत होता. मला शिसारी आली, ते लपवत नाही. तो माझ्याकडे आला तो हेलनच्या हातून. तिने एक कान माझ्या हातात दिला आणि दुसरा स्वतः धरून ठेवला, म्हणजे दोघींनी धरल्याशिवाय तो पेलणारच नाही अशी त्याची रचना. मला एकदम नेवाशाचा आड आठवला. मी तोंड लावलं. पाणी गारेगार होतं, झऱ्याचं.

टिया एव्हाना कंटाळून कुत्र्यामागे बाहेर पळाली होती. जॉर्ज मधे उभा राहिला आणि त्याने तोच जुना प्रश्न विचारला, जिवाचं कसं काय? आणि खाली बसला.

साक्ष आमच्याकडेही असते. पण आमची साक्ष म्हणजे निकाल लागलेला खटला: मी आजारी होतो, प्रभूने उठवलं, हालेलुया. इथे खटले चालू असलेले निघाले. एक जाडसर गृहस्थ उठून म्हणाला, मी अकरा वर्षं भावाशी बोललो नाही, आणि आजही बोलावंसं वाटत नाही. बसला. एक तरुण मुलगी म्हणाली, वर्षभर प्रार्थना करते आहे, पलीकडे कोणी आहे असं वाटत नाही. तीही बसली. कोणी त्यांना उपदेश केला नाही, उलटतपासणी केली नाही. थोडा वेळ शांत, मग एखादं कडवं, मग पुढचा. मी मनात म्हटलं, हे लोक वकिलाशिवाय असं कसं बोलतात.

आणि माझ्या शेजारचं बाक हललं. स्नेहा उभी राहिली होती.

मी तिच्या ओढणीचं टोक धरून खाली ओढलं. तिने ते सोडवून घेतलं. ती इंग्रजीत बोलली. मी इथे मराठीत देते, एक शब्दही माझा नाही.

"माझे वडील वारले तेव्हा मी त्यांच्याजवळ नव्हते. मी आईला सांगितलं की मला रजा मिळाली नाही. ते खोटं होतं. हेलनने मला बुधवारीच रजा दिली. गुरुवारी तिने स्वतः मला एअरपोर्टला नेलं. तिकीट होतं, बॅग होती. पप्पांचा स्कॅन मला भावाने मोबाइलवर पाठवला होता. मी रोज असे स्कॅन काढते. पुढे काय होणार ते मला दिसत होतं. दुपारी एक वाजता मी चेक-इनच्या रांगेत होते. माझ्या पुढे दोन माणसं उरली होती. मी रांगेतून बाहेर पडले. मला त्यांना तसं बघायचं नव्हतं. मी घाबरले, बाकी काही कारण नाही. मी हेलनला फोन केला, ती परत आली आणि मला घरी घेऊन गेली. आईला मी काय सांगितलं तेही मी तिला सांगितलं. ती म्हणाली, असू दे माझ्या नावावर. दोन वर्षं ते तिच्या नावावर आहे. आई म्हणते पप्पा शांत झोपून होते, त्यांनी माझं नाव काढलं नाही. तेवढ्या एका वाक्यावर मी रोज उठते. पण आई घरोघरी माझी बाजू मांडत फिरते, ते मला आता सहन होत नाही."

भाऊ म्हणजे माझ्या दिराचा मुलगा. एवढंच मला स्पष्ट करायचं आहे.

ती बसली. बत्तीस वर्षांत कितीतरी कबुल्या ऐकल्या, एकीनेही माझी पेन्सिल अडवली नव्हती. मला आधी राग आला, हे लिहिलंच पाहिजे. बाप तिकडे वाट बघतोय आणि ही रांगेतून बाहेर पडते. दोन माणसं राहिली होती पुढे. मी हेलनकडे बघितलं. ती आपल्या बुटांकडे बघत होती, जणू चोरी तिचीच पकडली गेली होती. या बाईला मी दूधवाल्यापर्यंत बदनाम करून ठेवलं होतं. तिच्या चहाचा राग धरला होता. नगरला परतल्यावर पहिलं पार्सल मी हेलनच्या नावाने केलं, दोन किलो चिवडा, पण ते नंतरचं.

कोणीतरी कडवं सुरू केलं. मला ते ऐकू येत नव्हतं, कारण माझ्या डोक्यात एक आकडा वाजायला लागला होता. दुपारी एक. थंडीत त्यांच्या आणि आपल्या घड्याळात साडेपाच तासांचं अंतर असतं. स्नेहाला फोन करताना मी हे गणित एवढ्या वर्षांत हजारदा केलेलं. एक आणि साडेपाच. मी बोटांवर पुन्हा मोजलं. साडेसहा.

कडवं संपलं आणि मी उभी राहिले. मी आयुष्यात कधी साक्ष दिलेली नाही. चर्चमध्येसुद्धा मी म्हणायचे, मी लिहून घेणारी, बोलणारी नव्हे. इंग्रजी एक शब्द सुचेना, आणि सुचलं असतं तरी हे इंग्रजीत सांगण्यासारखं नव्हतं. मी स्नेहाकडे तोंड करून मराठीतच बोलले. चाळीस माणसं ऐकत राहिली. अर्थ काय म्हणून एकानेही विचारलं नाही.

"स्नेहा, मी तुला खोटं सांगितलं. पप्पा झोपून नव्हते. त्यांनी तुझंच नाव घेतलं. तीन दिवस तेवढंच घेतलं. 'स्नेहा निघाली का?' एवढंच विचारायचे."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, मी हे काय करून बसले. पण आता मधे थांबणं म्हणजे तिला तिथेच सोडून देणं होतं.

"ऐक. माझं पुरतं ऐकून घे. गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला त्यांनी शेवटचं विचारलं. मी सांगितलं, निघाली. त्यांनी डोळे मिटले आणि मग पुन्हा विचारलंच नाही. मी मरणाऱ्या माणसाला फसवलं, हे दोन वर्षं उराशी घेऊन हिंडले मी. आता मला सांग, नगरला साडेसहा म्हणजे तुमच्याकडे किती?"

मी पुन्हा विचारलं.

"किती वाजले?"

"एक," ती म्हणाली. "आई, एक."

"एक वाजता तू कुठे होतीस?"

"एअरपोर्टवर. लाइनमध्ये."

"बॅग कुठे होती?"

"हातात."

"घरातून निघाली होतीस की नव्हतीस? हो की नाही, तेवढंच सांग."

तिने तोंडावरचे हात काढले.

"निघाले होते," ती म्हणाली.

"मग झालं," मी म्हटलं आणि तिच्या शेजारी बसले.